माझी पत्रं मीच वाचणार

आमची मावशी छापखान्यात प्रुफं तपासते. डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली तशी पांढऱ्या पडद्यावरची अक्षरं तिला दिसेनात. रडत बसेल तर ती मावशी कसली! तिने मेलसाठी एक प्रोग्रॅम हुडकून काढला. काळ्या पडद्यावर ठसठशीत अक्षरं, चित्रं नाहीत की बटणं नाहीत. सगळं फाइलमध्ये लिहून त्याला समजवावं लागतं. ऑफिसचा, आमच्या इमारतीच्या समितीचा (तिथली सचिव तीच) आणि घरचा, मेलचे तिन्ही डबे तिने त्यात जोडले. कुठला सर्व्हर, पाठवणाऱ्याचं नाव काय, खाली सही कुठली. शिव्या घालत जोडले, पण जोडले.

तेवढ्यात छापखान्यात नवे साहेब आले आणि हुकूम निघाला: पुढच्या महिन्यापासून मेल ब्राउझरमध्येच उघडायची, बाकी वाटा बंद. त्या नव्या मेलचा पडदा काळा करता येत होता, पण अक्षर मोठं केलं की निम्मं पत्र कडेला पळायचं.

"मी वाचून दाखवत जाईन की," मी म्हटलं.

"आज मेल वाचशील, उद्या प्रुफं वाचशील, परवा मला घरी बसवतील," मावशी म्हणाली. "माझी पत्रं मीच वाचणार."

माझी जुनी वाट चालू ठेवा, असा तिने साहेबांना अर्ज लिहिला. विनंती नावालाच, बाकी सगळा ठसका. सकाळी साहेबांचा फोन आला.

"बाई, अर्ज मिळाला. पण टाकी कुणाची धुवायचीय?"

झालं होतं असं, की समितीच्या किंवा घरच्या डब्यात गेलं की कुठलं नाव, कुठली सही घ्यायची, ते मावशीने लिहून ठेवलं होतं. ऑफिसची नाव-सही सुरुवातीलाच दिलेली, पुन्हा काय सांगायचं, म्हणून तो डबा सोडला. आणि हा प्रोग्रॅम भलता आज्ञाधारक. नवीन सांगितलं नाही तर जुनंच धरून बसतो. समितीच्या डब्यातून ती ऑफिसच्या डब्यात आली आणि अर्ज समितीच्या नावाने गेला. खाली समितीची सही, त्यातच त्या दिवशीची सूचना: 'उद्या टाकी धुणार आहोत, पाणी भरून ठेवावे. – सचिव.'

"म्हणूनच सांगतो, नवी मेल सोपी आहे," साहेब म्हणाले.

"तुम्हाला सोपी. मला दिसत नाही ती. चूक माझी आहे, मी निस्तरते. तुम्ही फक्त वाट बंद करू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मावशी मात्र फाइल उघडून बसली. ऑफिसच्या डब्यासाठी तिने एक ओळ घातली आणि तोच अर्ज, एक शब्द न बदलता, योग्य नावाने परत पाठवला. खाली लिहिलं: 'ता. क. टाकी धुऊन झाली.'

संध्याकाळी उत्तर आलं. मी लगेच पडद्यावर वाकले.

"तोंड भिंतीकडे कर," मावशी म्हणाली.

राग आला, पण वळले. मागे कीबोर्ड वाजला, मग थांबला. पडद्याला नाक लावून ती एकेक शब्द वाचत असणार. मी भिंतीवरचे पोपडे बघत उभी राहिले.

"वाट चालू ठेवतोय म्हणे," ती म्हणाली. "हं, आता वळ."