मामाचं एक वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढे हात जोडून मनातल्या मनातही नाही. आणि आता लिहितोय तेसुद्धा कसं, बघा. तंजावुरात आमच्या घरी सगळे मराठी बोलतात, पण ही लिपी वाचता येणारा मी एकटा. पुण्यात सात वर्षं नोकरी केली तेव्हा शिकलो. म्हणजे कबुली द्यायची, पण घरातल्या कुणाला वाचता येऊ नये अशा बेताने. भित्रेपणा म्हणा. मीही तेच म्हणतो.

गोविंदमामा माझ्या आईचा थोरला भाऊ. आयुष्यभर त्याने बसच्या सीटा शिवल्या. त्याने घातलेल्या जोडावरून नख फिरवलं तरी अडकायचं नाही. नव्वद सालानंतर परदेशी माल येऊ लागला आणि आमच्या मुदलाळींनी — म्हणजे मालकांनी — बंगल्यांच्या आवारात नकली गवताची टेनिस कोर्टं घालून द्यायचा धंदा काढला. गवताचे लांब पट्टे यायचे. ते दाबलेल्या खडीवर शेजारी शेजारी अंथरून खालून पट्टी चिकटवून जोडायचे. त्या कामाला मामाला मीच घेऊन गेलो. मी इंग्रजी येणारा, गिऱ्हाइकाशी बोलणारा, मामा हाताचा. मामाला इंग्रजी, हिंदी काही येत नव्हतं. आमचं आपसात मराठी चालायचं, आणि ते आजूबाजूला कुणाला कळत नाही याची आम्हांला मौजच वाटायची.

कोडैकानलचं काम आलं. तिथले बंगलेवाले साहेब चहामळ्यावरून निवृत्त झालेले, कलकत्त्याकडचे. त्यांना तमिळ येत नव्हतं. तंजावूरच्या सपाट, तापलेल्या जमिनीवर आमचं काम चार दिवसांत उरकायचं. इथे डोंगरावर खडी दाबून झाली आणि ढग खाली आले, ते उठेचनात. मामाची एक रीत होती. संध्याकाळी खडीवर स्टीलचं ताट पालथं घालायचं आणि सकाळी उचलून बघायचं. आत घाम धरलेला असेल तर खाली ओल आहे, गवत चिकटवायचं नाही. नऊ दिवस ताटाला घाम. नऊ दिवस मी साहेबांच्या बंगल्यामागच्या आउटहाउसमध्ये ओल्या कांबळ्यात बसून. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मला कोंडल्यासारखं व्हायचं. खाली बाजारात येऊन टेलिफोन बूथवरून मालकांना फोन केला की ते एवढंच विचारायचे — रविवारी साहेबांकडे पाहुणे आहेत, होतंय ना? हे पार पाडलंस तर सुपरवायझर तूच.

पण हे सगळं मी का सांगतोय? तुम्हांला माझी दया यावी म्हणून? नको. पुढचं सांगतो.

दहाव्या सकाळी मामाने ताट उचललं. साहेब कानटोपी घालून, हातात चहाचा कप घेऊन शेजारी उभे. मामाने ताट माझ्यापुढे धरलं — थेंब ओघळत होते — आणि आमच्या मराठीत म्हणाला, "आज नक्को रे शिवा. खालीं ईरम आहे. पसै धरणार नाहीं." ईरम म्हणजे ओल, पसै म्हणजे गोंद. साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं, काय म्हणतोय तो?

मी म्हणालो, तयार आहे म्हणतोय. आजच करू म्हणतोय.

हा झाला अर्धा गुन्हा. इतकी वर्षं मी स्वतःलासुद्धा एवढाच अर्धा सांगत आलो. दुसरा अर्धा असा — मी मामाकडे वळलो आणि मराठीत म्हणालो, साहेबांना ओलीचं सांगितलं, पण ते ऐकत नाहीत. जबाबदारी माझी, आजच करा, म्हणतात. मामा त्यांच्याकडे बघत राहिला. साहेब हसले. मामाने मान खाली घातली आणि गोंदाचा डबा उघडला. दोघांमध्ये जेमतेम दोन हातांचं अंतर होतं — आणि मधे मी.

दोन महिन्यांनी एक जोड उकलला. साहेबांच्या बायकोचा पाय त्यात अडकला आणि त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुढे त्या काठीशिवाय चालल्या नाहीत, असं ऐकलं. मी त्यांना भेटायला गेलो नाही.

मालक आम्हां दोघांना घेऊन वर कोडैकानलला गेले. साहेब इंग्रजीत म्हणाले, तुमच्या या म्हाताऱ्यानेच तयार आहे म्हणून सांगितलं होतं. मालकांनी मला विचारलं, खरं? मामा शेजारीच उभा होता. मी इंग्रजीत म्हणालो, हो, खरं आहे. मग मालक मामावर तमिळमध्ये ओरडले. मामा पुन्हा पुन्हा सांगत होता, मी नको म्हटलं होतं, साहेबांनीच करायला लावलं. मालकांना वाटलं, म्हातारा खोटं बोलतोय. मी जमिनीकडे बघत होतो.

मामाचं काम गेलं. जोडाला म्हणून त्याला परत कुणी बोलावलं नाही. खाली येताना बसमध्ये त्याने एकदाच विचारलं, "तूं सांगटला होतास न्हवं त्यांला?" मी हो म्हणालो. तर तो माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणतो, मोठी माणसं फिरतात रे, तूं वाईट वाटून घेऊं नको. लाज वाटते लिहायला — मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं होतं. मी सुपरवायझर झालो. मामा आणखी अकरा वर्षं जगला.

दरवर्षी त्याच्या तिथीला मामी ती गोष्ट सांगते. मोठा माणूस कसा फिरला, आणि आमच्या शिवाने त्याला इंग्रजीत कसं चक्क बजावलं होतं. मी पानावर बसून ऐकतो. सांगायचं तर आता तिला काय सांगू? आणि नाही सांगितलं तर — पुढच्या वर्षी पुन्हा तेच पान, तीच गोष्ट. यंदा तिच्या नातीने, कॉलेजातल्या मुलीने, मधेच मला विचारलं, "तात्या, इंग्रजींत तुम्ही काय म्हणालांत त्यांला?"

मी सांगितलं. खाली ओल आहे, गोंद धरणार नाही, आज करू नका — मामाचं वाक्य मी शब्दाला शब्द लावून, अगदी नीट इंग्रजीत सांगितलं. पहिल्यांदाच.

ती म्हणाली, इतकं सोपं होतं, तरी त्यांना कळलं नाही?

मी म्हणालो, नाही कळलं.