दाजींनी पाट्या काढल्या

हातातली वस्तू समोरच्याला सरळ देऊन टाकणं आमच्या दाजींना उभ्या आयुष्यात जमलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, निमगाव सावाच्या अलीकडच्या एका गावात हायस्कूलला चित्रकलेचे मास्तर. भाऊबीजेला गेलो की परत निघताना माझ्या चपला हमखास गायब असत आणि उंबऱ्यावर सुबक अक्षरातली चिठ्ठी असे: 'म्हैस रोज जिथं अंग घासते, तिथून डावीकडं बघा.' अशा तीन-चार चिठ्ठ्या पार पाडेपर्यंत नारायणगावची गाडी निघून गेलेली असे. "ऱ्हा की मग सकाळपातूर," ताई म्हणायची. त्या दोघांचं आधीच ठरलेलं असायचं, असा मला आता दाट संशय आहे. भाचीला बघायला आलेल्या पहिल्या मंडळींना तर त्यांनी पोहेसुद्धा शोधायला लावले. मुलाचे वडील तडक उठून गेले. दुसऱ्या स्थळाच्या मुलानं मात्र कणगीमागून पोह्यांचं ताट हसत हसत काढून आणलं, आणि दाजींनी पत्रिका न बघता त्याला जावई करून घेतलं.

हे झाले घरचे उद्योग. दाजींचा खरा जीव शाळेच्या टोकाच्या एका खोलीत होता. नव्वदच्या सुमारास त्यांनी तिथं वस्तुसंग्रहालय थाटलं. विहीर खणताना निघालेल्या हातभर लांब विटा, झिजून गुळगुळीत झालेली तांब्याची नाणी, मोटेचं चाक, जाती, धान्याची मापं. सुरुवातीला प्रत्येक वस्तूखाली पाटी होती. लोक येत, पाट्या वाचत, 'छान आहे' म्हणत आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन पाणी मागत. एके दिवशी दाजींनी सगळ्या पाट्या काढून बंबात घातल्या. मला म्हणाले, "पाटी असली का माणूस पाटी वाचतो, पावणं. वस्तूकडं बघतच न्हाई." तेव्हापासून येईल त्याच्या हातात चिठ्ठी. 'यातलं एक जातं डावखुऱ्या बाईनं ओढलेलं आहे. कोणतं?' भीमाशंकरहून परतणारी एक जीप गावात चहाला थांबली होती. त्यातल्या एक काकू त्या जात्यांपुढे मांडी ठोकून बसल्या, खुंटे बोटांनी चाचपत राहिल्या, आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला.

शेवटची चिठ्ठी खोलीबाहेर न्यायची. गावात कुठंतरी, कधी पिठाच्या गिरणीत, कधी विहाराच्या पायरीपाशी, एक पितळी डबा लपवलेला असे. जागा गावातल्या सगळ्यांना ठाऊक, पण कुणी फोडत नसे. ज्याला सापडेल त्यानं डब्यातली पेपरमिंटची एक गोळी घ्यायची. आता दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही आमच्याकडची रीत. त्यामुळे गोळी घेणारा डब्यात काहीतरी टाकून जाई. कुणी आजोबांचा अडकित्ता टाकला, कुणी आजीची चंची. डब्यात न मावणारं लोक शाळेत आणून देऊ लागले. खोली भरली ती अशी.

दोन हजारनंतर शाळेला संगणक आले आणि ते ठेवायला संस्थेला नेमकी हीच खोली हवी झाली. अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, ज्याचं सामान त्याला देऊन टाका. आठ दिवसांत खोली मोकळी पायजे." दाजी दोन दिवस जेवले नाहीत. मी पुण्याहून धावत गेलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुणाची तरी ट्रॅक्टरची ट्रॉली मागून आणली, सगळा संसार त्यात भरला आणि आम्ही दारोदार वस्तू परत करत निघालो. पण गुरुजी दारी आले आणि रिकाम्या हातानं गेले, हे कोणत्या घराला चालणार? जातं परत घेतलं त्या घरानं वरवंटा दिला. नाणी घेतली त्यांनी दौत दिली. खुद्द अध्यक्षांच्या आईनं माप ठेवून घेतलं आणि ताकाची रवी ट्रॉलीत टाकली. दिवस मावळता ट्रॉली सकाळपेक्षा जास्त भरलेली होती. मला हसू आवरेना. दाजी मात्र ट्रॉलीच्या कडेला बसून लहान मुलासारखे रडले.

ताईनं रवी उचलून बघितली आणि म्हणाली, "रडताय कशाला? ज्याच्या घरी ज्ये हाय त्ये तिथंच ऱ्हाऊ द्या. माणसं दारोदार धाडा. चिठ्ठ्या तर तुमीच लिवताय."

खोली गेली ती गेलीच. पण पुढच्या महिन्यापासून पाहुणे चिठ्ठ्या घेऊन घराघरांत शिरू लागले आणि बायका त्यांना ओसरीवर बसवून जाती दाखवू लागल्या. पुण्यात माझ्या ऑफिसात कुणी परदेशातल्या संग्रहालयांचं कौतुक सुरू केलं की मी त्याला मध्येच तोडतो आणि दाजींचं सांगतो. लोक कंटाळतात, पण मला त्याची लाज वाटत नाही.

निवृत्तीनंतर दाजींचे गुडघे गेले. काठी टेकत घराच्या पुढं चार घरं जाणं हीच त्यांची मजल. एका दुपारी आम्ही असेच निघालो आणि पाणी प्यायला एका ओसरीवर टेकलो. घरातली सून नवी, लोणीकडून आलेली. ती गुरुजींना ओळखत नव्हती. तिनं तांब्या दिला आणि पाठोपाठ एक चिठ्ठी पुढं केली. अक्षर दाजींचं नव्हतं. 'माझ्या सासूबाईंनी या घरात आल्यावर जी वस्तू पहिल्यांदा हातात घेतली, ती इथंच आहे. शोधा.'

हे कोण आहेत ते सांगायला मी तोंड उघडलं, तर दाजींनी माझा हात दाबला. चष्मा पुसला आणि उठले. सूप बघितलं, उखळ बघितलं, भिंतीला धरत धरत कोनाडे बघितले. तीनदा उत्तर दिलं, तिन्ही वेळा चुकलं.

"सांग की बाय आता," ते म्हणाले.

"सांगितल्यावर मग तुमी बघाल व्हय?" ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

दाजींनी आणखी अर्धा तास शोधलं. मग आम्ही निघालो. रस्त्यावर आल्यावर ते थांबले. डोळे भरले होते.

"सापडलं न्हाई, पावणं," ते म्हणाले. "लई बरं वाटलं."