उतारावरची गेरू-चुन्याची रेषा

शाळेच्या मागे मुरमाचा उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी तळे. दर पावसाळ्यात वरची माती तळ्यात जाते आणि तळे थोडे उथळ होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मला एवढेच शिकवायचे होते. रेल्वेच्या सर्वेक्षण विभागात मी नोकरीभर जमिनीची पातळी मोजली. निवृत्तीनंतर शाळेने विचारले, तेव्हा होकार दिला. शनिवारचे शेवटचे दोन तास मिळाले. आमच्या गोरखपूर मोहल्ल्यातून लष्करी छावणीतल्या सदरला, शाळेत, मी पायी जात असे. त्या दोन तासांची मी आठवडाभर वाट पाहत असे. हे घरात कोणाला सांगितले नव्हते.

सुरुवातीला जुनी वर्तमानपत्रे चुरगाळून डोंगर केले. शिखरांवर निळी शाई लावली आणि वरून पाणी शिंपडले. शाई घड्यांमधून उतरत एका खळग्यात जमली. पाणलोट म्हणजे काय, हे सांगण्याची गरज उरली नाही. मुलांचे हात मात्र निळे झाले, आणि गणवेशही.

तक्रारी येणे स्वाभाविक होते. मुख्याध्यापिका पुण्याहून नुकत्याच बदलून आल्या होत्या. त्यांनी मला बोलावून घेतले.

"काका, पालक रोज काहीतरी सांगत येतात. कपडे मळतात, आणि वहीत तर काहीच दिसत नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी स्वतः येते. उतारावर पाणी थांबवून दाखवा. थांबलं तर तास तुमचे. नाही तर मी ते गणिताला देते."

अट रास्त होती. मी मान्य केली आणि मुलांनाही जशीच्या तशी सांगितली.

उतारावर पाणी थांबवायचे तर आडवा चर खणावा लागतो. त्याचा तळ सर्वत्र एकाच पातळीवर हवा, म्हणजे पाणी कोणत्याही टोकाकडे धावत नाही, जागच्या जागी मुरते. पातळी शोधण्यासाठी आम्ही तीन बांबूंची चौकट बांधली. दोन बांबू पायांसारखे, एक आडवा, आणि वरच्या गाठीतून सोडलेला ओळंबा. त्याची दोरी आडव्या बांबूवरच्या खुणेवर आली, की दोन्ही पाय एका पातळीवर. मग एक पाय तसाच ठेवून दुसरा पुढे फिरवायचा. मुले चौकटीला चालवत गेली आणि मागून चुन्याची फक्की टाकत गेली.

रेषा उताराच्या पोटात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली.

"सर, ये तो साँप जैसी जा रही है!"

"जमीन जशी आहे तशी जाईल," मी म्हणालो.

वर्गात एका सुभेदाराची मुलगी होती. घरी मराठी, बाहेर हिंदी. तिला ती रेषा आवडली नव्हती.

"पण सर, इतकी टेढी काहून?"

"ओळंब्याला विचार."

तिने ओळंब्याकडे पाहिले. समाधान झालेले दिसले नाही. आठवडाभरात खेळाच्या तासाला चर खणून ठेवा आणि चराच्या कडेने दगड लावा, असे सांगून मी घरी गेलो.

शेवटच्या शनिवारी उतारावर पोहोचलो. चर खणलेला होता. दगड लावलेले होते, एकाआड एक गेरू आणि चुन्याने रंगवलेले. आणि सगळे एका सरळ रेषेत. फक्कीची वळणे कुठेच दिसत नव्हती.

"दोरी लावून केलं सर," सुभेदाराची मुलगी म्हणाली. तिचे हात नखांपर्यंत लाल होते. "मॅडम येऊन राहिल्या ना, म्हणून ड्रेसिंग करून टाकली."

ड्रेसिंग म्हणजे कवायतीत रांग सरळ करणे. सदरमध्ये रस्त्याच्या कडेचा प्रत्येक दगड असा रंगवलेला आणि दोरीत असतो. ही मुले त्या दगडांमधून वाढली आहेत. वाकडी रांग म्हणजे कामचुकारपणा, हे त्यांना कोणाला शिकवावे लागत नाही. पाहुणे येणार म्हणून त्यांनी आपल्या परीने उत्तमातले उत्तम काम केले होते.

बोलायला वेळ होता. मी बोललो नाही. पाणी येणारच होते.

बागेला पाणी घालणारा टँकर उतारावर आणून उभा केला. मुख्याध्यापिका खालच्या बाजूला, डाव्या टोकाशी उभ्या राहिल्या. चालकाने पाइप सोडला. पाणी चरात क्षणभर थबकले आणि डावीकडे धावत सुटले. टोकाशी बांध फुटला. लाल पाणी मुख्याध्यापिकांच्या बुटांवरून थेट तळ्यात गेले.

"वाह बाबूजी," चालक म्हणाला, "आपने तो नहर बना दी!"

कोणीही हसले नाही. मुले मुख्याध्यापिकांच्या बुटांकडे पाहत होती. सुभेदाराची मुलगी मात्र चराकडे पाहत होती. ती डाव्या टोकाला गेली, खाली बसली, पुन्हा उजव्या टोकाला आली.

"अरे, वो सिरा नीचे है!" ती ओरडली. "चौकट लाओ! भैया, आप जाना मत!"

"आधा टैंकर बचा है, बिटिया. जल्दी करो."

पुढचे काम मी उभ्याने पाहिले. अर्ध्याच लांबीचा चर करायचे त्यांनी आपसात ठरवले. रंगवलेले दगड बाजूला फेकले गेले. कुदळी चालल्या, घमेली भरली. ओळंबा वाऱ्याने हलत होता, म्हणून चौकट धरायला कोणी उंच हवे होते. मुख्याध्यापिका पुढे झाल्या.

"मैडम, हिलाइए मत!"

"नाही हलवत."

"मैडम, साँस भी मत लीजिए!"

त्या हसल्या, आणि चौकट हलली. मुले त्यांच्यावर ओरडली. त्यांनी माफी मागितली.

पाइप दुसऱ्यांदा सुटला. पाणी पहिल्या वळणात शिरले, दुसऱ्यात गेले, टोकाला पोहोचले आणि तिथेच राहिले. मग ते चढू लागले, दोन्ही टोकांना सारखेच. उतारावर आकाशाची एक वाकडी पट्टी पडून राहिली. मुले इतक्या जोरात ओरडली की तळ्यावरचे बगळे उडाले. चालकानेही हॉर्न वाजवला. त्याची आवश्यकता नव्हती.

मुख्याध्यापिका बुटातले पाणी ओतत माझ्याजवळ आल्या.

"काका, चर चुकलाय हे तुम्हाला आल्याआल्याच दिसलं होतं ना?"

"हो."

"मग सांगितलं का नाही? तास गेले असते तुमचे."

"सांगितले असते, तर त्यांनी तो माझ्यासाठी वाकडा केला असता."

त्यांनी दुसरा बूट काढून ओतला. मुले चरात हात बुडवून खोली पाहत होती. कपड्यांची अवस्था सांगण्यासारखी नव्हती.

"पुढच्या शनिवारी मी जुने बूट घालून येते," त्या म्हणाल्या. "पालकांशी मी बोलते."

पुढच्या शनिवारी उरलेला चर खणून झालेला होता. फेकलेले दगड पुन्हा लावलेले होते, एक गेरूचा, एक चुन्याचा, सारख्या अंतरावर. पण आता ते उताराबरोबर वळत होते, आत शिरत होते, बाहेर येत होते.

"अब भी ड्रेसिंग है, सर," सुभेदाराची मुलगी म्हणाली. "जमीन के हिसाब से."

मी चौकट घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासत गेलो. दोरी प्रत्येक ठिकाणी खुणेवर आली. मी "ठीक आहे" म्हणालो. शेवटच्या दगडाचा चुना ओला होता, तो बोटाला लागला. गोरखपूरला घरी पोहोचेपर्यंत मी तो पुसला नाही.