मुक्काम पारधी वस्ती

फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर सारत होते. नंबर अनोळखी होता. पलीकडून एका हवालदारानं विचारलं, "लखन काळे तुमचा कोण?" मला वाटलं, पुन्हा कुठंतरी चोरी झाली असेल आणि लखनला चौकशीला उचललं असेल. असे फोन मला नवे नव्हते. सवयीनं मी माझं ठरलेलं उत्तर दिलं, "माझ्या दुकानात वेल्डर होता, आता परदेशात असतो, सुट्टीवर आलाय. पोरगा सरळ आहे साहेब, लागलं तर मी जामीन राहते." मग तो म्हणाला, "जामिनाचं काही राहिलं न्हाई ताई. त्याच्या आईला घेऊन सरकारी दवाखान्यात या..."

त्याला आता दोन महिने होत आले. लखनबद्दल पेपरात चार ओळी आल्या होत्या, त्यात त्याचं वय चुकलं होतं आणि 'संशयित' हा शब्द दोनदा होता. म्हणून हे लिहायला बसले.

कर्जतला आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, अशी कामं. नवरा गेल्यापासून हिशेब आणि गिऱ्हाईक मी बघते, आणि काम बघतात सलीमचाचा, जे माझ्या लग्नाच्याही आधीपासून इथं आहेत. लखन आला तो आयटीआयचा वेल्डर ट्रेड पास होऊन. पायरीवर उभा राहिला, नाव सांगितलं आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "पारधी हाय. मागनं कळून तुमी काडून टाकन्यापरीस आत्ताच सांगतो." मी चाचांकडे पाहिलं. चाचांनी त्याच्याकडे न पाहताच वेल्डिंगचा होल्डर पुढं केला आणि म्हणाले, "जात राहू दे बाजूला, शिवण मारून दाखव." त्यानं मारलेली शिवण, म्हणजे वेल्डिंगचा जोड, बेताचीच होती, जागोजागी फुगलेली. चाचांनी ती ग्राइंडरनं उडवली आणि म्हणाले, "पुन्हा." दिवसभर हेच चाललं. संध्याकाळी निघताना लखननं मला विचारलं, "उद्या येऊ ना वहिनी?"

तो येत राहिला. वर्षभरात चाचांनी त्याच्या शिवणीवर ग्राइंडर फिरवणं बंद केलं, आणि दोन वर्षांत अवघड कामं आपणहून त्याच्याकडे सरकवायला लागले. कामात तो तापट होता. दुसऱ्या कुणी मापं चुकवली की भांडायचा, एकदा तर गिऱ्हाइकासमोर चाचांशीच भांडला आणि दोन दिवस तोंड फुगवून बसला. बोलायचा मात्र भरपूर. चहाच्या वेळी त्याला देश, सरकार, निवडणूक, क्रिकेट सगळं लागायचं. आमच्याकडचं निम्मं काम खिडक्यांच्या जाळ्यांचं. एकदा एका नव्या बंगल्यात जाळ्या बसवायला तो गेला आणि मालकानं मला फोन केला, "वहिनी, दुसरा मानूस पाठवा. घरात बायामान्सं हायेत." लखन टेम्पोत जाळ्या तशाच घेऊन परत आला. मला वाटलं चिडला असेल, तर तो हसत होता. "काय मज्जा हाय बघा. माज्याच भ्यानं जाळ्या करून घेत्यात, माज्याच हातच्या जाळीआड झोपत्यात, आन बसवायला मीच नको." चाचा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन जाळ्या बसवून आले.

एका पंधरा ऑगस्टला दुकान बंद होतं, पण एक ट्रॉली द्यायची होती म्हणून आम्ही तिघंही आलो होतो. बाहेर शाळेची फेरी चालली होती, पोरं घोषणा देत होती. लखन दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "वहिनी, माजा आज्जा सोलापूरला तारेच्या कुंपनात जल्मला. इंग्रजांनी आमची सगळी जमातच गुन्हेगार ठरवली हुती. पोटातलं पोरगंबी गुन्हेगार. देश सुटला तवा आज्जा आतच हुता. तार तोडली ती पाच वर्सांनी." मी म्हटलं, मला हे माहीत नव्हतं. "कुनालाच माहीत नस्तंय. म्हंजे देशाचा वाडदिवस येगळा आन आमचा येगळा. आता ह्या पोरांबरुबर मी कोनता धरायचा?" हे तो रागानं बोलत नव्हता. खरंच विचारत होता. मग फेरी वळली, त्यानं पोरांना हात केला आणि आत येऊन होल्डर उचलला.

आखातात जायचं खूळ त्याच्या डोक्यात आयटीआयच्या एका मित्रानं भरलं. मुंबईला जाऊन पाइप वेल्डिंगची परीक्षा तो पहिल्या झटक्यात पास झाला. अडलं ते पासपोर्टवर. पोलीस पडताळणी पुढं सरकेना. मी त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात गेले. टेबलामागच्या साहेबानं त्याला उभंच ठेवलं. "तुझ्यावर काय काय आहे?" "काय न्हाई साहेब." "बापावर?" "बाप वारला." "वारायच्या आधी?" त्याच्या बापाला संशयावरून तीनदा आत टाकलं होतं आणि तीनदा सोडून दिलं होतं, हे मला ठाऊक होतं. तेच मी सांगितलं. साहेब म्हणाले, "सुटला म्हणजे केलं नाही असं असतंय का बाई?" आम्ही त्या ठाण्याला किती खेपा घातल्या ते मोजलं नाही. पत्ता नीट पाहिजे, गावाचं नाव चालणार नाही, वस्तीचं नाव घाला, असंही तिथंच सांगितलं गेलं. लखननं घातलं. पासपोर्ट आला तेव्हा पेढे घेऊन दुकानात आला आणि चाचांना एकेक पान उलटून दाखवलं. "बघा चाचा, हितं नाव हाय, बापाचं नाव हाय, देश हाय. जात कुटंच न्हाई."

तिकडं एका जहाज दुरुस्तीच्या यार्डात त्याला काम लागलं. शुक्रवारी सुट्टी असली की व्हिडिओ कॉल करायचा. सुरुवातीला आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. "हितं पयल्यांदा इचारत्यात, कंट्री? मी म्हंतो, इंडिया. बास. फुडं कुनी काय इचारत न्हाई. वहिनी, जल्मात पयल्यांदा मी निस्ता इंडियाचा हाय." खोलीत नेपाळी, बांगलादेशी, एक पाकिस्तानी. सगळे हिंदीत बोलायचे, त्यालाही सवय झाली होती. माझ्याशी बोलताना मधूनच 'क्या है ना वहिनी' करायचा. काही महिन्यांनी सूर बदलला. शिवण एकच, यंत्र एकच, पण पगार देशाप्रमाणं, हे त्याला उमगलं होतं. कुणाला जास्त, भारतीयाला त्याखाली, बांगलादेशीला त्याच्याही खाली. "हितंबी उतरंड हायच. निस्तं जातीच्या जागी देशाचं नाव हाय." मग म्हणाला, "खरं सांगू का, माज्याखाली कुनीतरी हाय हे कळलं तवा मला बरं वाटलं हुतं. मंग तो बांगलादेशी पोरगा माज्याच ताटात जेवायला बसला आन लई लाज वाटली..." पासपोर्ट कंपनीनं काढून घेतला होता. त्याचा त्याला फार त्रास व्हायचा. स्वतःच्याच देशाचा कागद दुसऱ्याच्या कपाटात, असं म्हणायचा.

यंदा तो सुट्टीवर आला ते आईच्या डोळ्यांसाठी. सारजाबाईंना मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांनी उजेड-अंधार तेवढा कळतो. ऑपरेशनचा दिवस ठरला होता. लखन अंगानं भरला होता, केस नीट कापलेले. पासपोर्ट आता सुट्टीपुरता हातात आला होता, तर तो सदऱ्याच्या आतल्या खिशात घेऊनच फिरायचा. चाचा चिडवायचे, "अरे, विमान काय कर्जतच्या स्टँडवरनं सुटतं का?" तो खिशावर हात ठेवून नुसता हसायचा.

हवालदाराचा फोन आला त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो दुकानात आला आणि चाचांचं वेल्डिंगचं लहान मशीन मागितलं. शेवगावच्या पलीकडं त्याची मावशी राहते, तिच्या पत्र्याच्या घराला दार बसवायचं होतं. पिशवीत त्यानं मशीन घातलं, छोटी हातोडी, तारेचा ब्रश, लोखंड कापायची हॅक्सॉ करवत, चामडी हातमोजे घातले. मी म्हटलं, जेवून जा. म्हणाला, "मावशी कोंबडं कापनार हाय, हितं पोट कशाला भरू?" आणि गाडीला किक मारली. आमची शेवटची भेट ती एवढीच.

त्या दिवसांत आमच्या भागात रात्री आकाशात ड्रोन फिरतात, चोर त्यावरून घरं हेरतात, अशा अफवा मोबाईलवर फिरत होत्या. गावोगावी पोरं काठ्या घेऊन बसत. दिवस मावळता मावळता एका गावाबाहेर लखनची गाडी पंक्चर झाली आणि तो ती ढकलत चालला होता. गावाचं नाव मी लिहीत नाही. पुढचं मला ठाऊक आहे, कारण त्यांच्यातल्याच एकानं त्याचं चित्रण केलं आणि 'चोर पकडला' असं लिहून ते सगळीकडं पाठवलं. माझ्याही मोबाईलवर ते आलं. पाहू नका, असं सगळे म्हणाले. मी पाहिलं.

सुरुवातीला तो मराठीत बोलतोय. "दादा, मावशीकडं चाललोय, दार बसवायचंय तिचं." पिशवी उपडी केली जाते. हातोडी, हॅक्सॉ, हातमोजे. "घरफोडीचं सामान हाय समदं," कुणीतरी ओरडतं. तो सांगतो की मी वेल्डर आहे, आणि पहिली काठी पडते. मग भीतीनं त्याची जीभ यार्डातल्या भाषेवर गेली. साहेब लोक दरडावायचे तेव्हा जे उत्तर द्यायचं, ते तो द्यायला लागला. "वेल्डर है साब... इंडिया, इंडिया..." स्वतःच्या जिल्ह्यात, घरापासून दोन तालुक्यांवर. "हिंदी बोलतोय, बाहेरचा हाय," एक आवाज. "बांगलादेशी आसंल," दुसरा. मग त्यानं स्वतःच आतल्या खिशातून पासपोर्ट काढून पुढं धरला. मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात एक जण आधी नाव आणि मग शेवटच्या पानावरचा पत्ता अडखळत वाचतो, "लखन... काळे... पारधी वस्ती... तालुका कर्जत." क्षणभर सगळे थांबतात. मग तोच माणूस म्हणतो, आणि त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं आहे, "बांगलादेशी न्हाई रे. आपल्यातलाच पारधी हाय." "मंग तर बरुबरच धरला," दुसरा म्हणतो. त्यानंतर लखन मराठीही बोलला नाही आणि हिंदीही नाही. पारध्यांची त्यांची वेगळी बोली आहे, ती त्याच्या तोंडातून येत राहिली, तुटक तुटक, आणि मग तीही थांबली.

दवाखान्यात त्याला मी ओळखलं ते हातांवरून. तोंडावरून ओळखता येत नव्हतं. दोन्ही हातांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग असतात आमच्या वेल्डर लोकांच्या. सारजाबाईंनी त्याच्या अंगावरून बोटं फिरवली, डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश, आणि जिथं जिथं हाड जागेवर नव्हतं तिथं त्यांचा हात थांबत गेला. चाचा भिंतीकडं तोंड करून उभे होते.

काही जणांना अटक झाली. ते जामिनावर सुटून आले तेव्हा त्यांच्या गावात स्वागताला गर्दी जमली होती. मशीन, हातोडी, हातमोजे जप्त मुद्देमालात आहेत. पंचनाम्यात त्या पिशवीचं वर्णन 'संशयास्पद हत्यारे' असं केलेलं आहे. आमच्या वकिलांनी हरकत घेतली आहे. एक पुढारी वस्तीवर येऊन गेले, फोटो झाले. सारजाबाईंच्या ऑपरेशनची तारीख त्या गडबडीत निघून गेली. मी दुसरी घेऊन दिली, पण त्या जायला तयार नाहीत. म्हणतात, आता काय बघायचंय.

गेल्या आठवड्यात बाजारच्या दिवशी सारजाबाई नातीचा, लेकीच्या पोरीचा, हात धरून दुकानात आल्या. चाचांनी स्टूल दिलं. बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, त्यो विडिव तुमच्याकडं हाय म्हनं. त्यात लखनचा आवाज हाय?" मी म्हटलं, आई, नका ऐकू. त्या म्हणाल्या, "मला दिसत न्हाई. मला निस्तं ऐकायचंय. पोलिसाला मी म्हनलं, त्यो काय बोलतोय ते मी सांगते, ती आमची बोली हाय. त्यांनी न्हाई ऐकीवलं." मी नातीला बाहेर चहाच्या टपरीवर पाठवलं. चाचांनी ग्राइंडर बंद केला. मी शेवटचा भाग लावला आणि मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. आरडाओरडा, काठ्यांचे आवाज, आणि मधे ते तुटके शब्द. त्या मान वाकवून ऐकत होत्या, एखादा निरोप नीट ध्यानात ठेवावा तशा. संपल्यावर त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "पयल्यांदा मला हाक मारली. मंग बापाला. शेवटाला पानी मागतोय."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "त्या लोकांना तुमची बोली कळली नसेल, आई..."

सारजाबाईंनी न दिसणारे डोळे माझ्याकडं वळवले. "पान्याला आमच्यातबी पानीच म्हन्त्यात, ताई," त्या म्हणाल्या. आणि मोबाईल चाचपून माझ्या हातात देत म्हणाल्या, "परत लावा."

मी परत लावला.