गोमा आबांचे तूस

प्रिय मीरा आणि अनंत,

तुमच्या गावाशेजारी जमिनीत भोके पाडून औषधाचे पाणी सोडणार, खडकातले खनिज विरघळवून वर ओढणार आणि नंतर जमीन होती तशी करून देणार, असे मीराने लिहिले आहे. 'आजी, असे खरेच करतात का?' असेही विचारले आहे. उत्तरादाखल एका माणसाची ओळख करून देते. त्यांच्याबरोबर तिथे असलेल्यांपैकी आता मीच उरले आहे, म्हणून हे आताच लिहून ठेवते.

गोमा आबा तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला एका डोंगरवाडीत राहत. महत्त्वाचे काही बोलायचे झाले की ते आधी जमिनीवर आडवे होत आणि कान टेकवून बराच वेळ पडून राहत. मग उठून, कानाची माती न झटकता, बोलत. आमच्या कचेरीत ते पहिल्यांदा असे झोपले तेव्हा मला वाटले, म्हातारा गेला. मी घाईने जवळ गेले, तर डोळे न उघडता म्हणाले, "बाई, दमानं चाला. ऐकू येत न्हाई."

ही एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. वाडीवरच्या पठारावर तशाच खाणीची चाचणी व्हायची होती. मी तुंगार्लीचे घर सोडून वाडीच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, त्या खाणीच्या कचेरीत कामाला होते. टंकलेखन करायचे आणि इंग्रजी कागद मराठीत आणायचे. 'पठारावरील भोकांचा खालच्या पाण्याशी संबंध नाही', हे योजनेतले वाक्य मीच लिहिले होते. त्याखाली वाडीच्या वतीने आबांचा अंगठा हवा होता. अंगठा दिला की वाडीला रस्ता मिळणार होता. पण वाडीला पिण्याच्या पाण्याचा एकच झरा होता.

आबा म्हणाले, "आधी तूस टाकू." पठारावरच्या भेगेत भाताचे तूस सोडायचे आणि ते कुठल्या पाण्यात वर येते ते बघायचे, ही वाडीची जुनी रीत.

कचेरीचे साहेब हसले. "आबा, तुसाने का इंजिनियरिंग होते?"

"मग कशानं व्हतंय? बाईच्या मशीननं?"

साहेब भले होते. पहिले भोक पाडून झाले होते, पण औषध सोडायचे त्यांनी थांबवले. आबांनी भोकाशेजारच्या भेगेत एक ओंजळ तूस सोडले, देवापुढे ठेवावे तसे, हळूच. मग झऱ्याच्या तोंडाला पांढरे फडके बांधून ते तिथेच बसून राहिले. आठ दिवस फडके कोरेच.

नवव्या दिवशी सकाळी मी कचेरीच्या विहिरीचे पाणी तांब्यात ओतले, आणि त्यावर तूस तरंगत होते.

साहेबांनी तांब्या पाहिला आणि आबांना बोलावून घेतले. "तुमचा झरा तर स्वच्छ निघाला. आता अंगठा द्यायला काय हरकत?"

आबा आडवे झाले, उठले. "आन् तुमी? तुमी पानी पीत न्हाई?"

अंगठा त्यांनी दिला नाही.

तूस मात्र थांबेना. आठवडा झाला, तरी पोहऱ्याबरोबर मूठभर वर येई. टाकलेल्या ओंजळीच्या कितीतरी पट ते झाले होते, आणि ते काळे पडलेले, फार जुने दिसत होते.

"आबा, एवढे तर तुम्ही टाकले नव्हते."

"न्हाई. ह्ये माझ्या आज्यानं टाकलंया. त्याला वर यायला वाट गावली न्हवती. तुमी भोक पाडलं, गावली."

त्या दिवसापासून मला त्या विहिरीत वाकून पाहवले नाही.

माझे वाक्य साहेबांनी स्वतःच्या हाताने खोडले. खाण झाली नाही. भोक बुजवायला मजूर आले आणि माती हाताला येईल तशी लोटू लागले. आबा सरळ भोकाच्या काठावर आडवे झाले. "वरची माती वर, खालची खाली. मढं काय पालथं पुरत्यात व्हय?" मजुरांनी लोटलेली सगळी माती परत उपसली, थराथराने भरली आणि वर गवताची ढेकळे बसवली. आबा दिवसभर कान लावून होते.

दोन वर्षांनी ते आजारी असल्याचे कळले, म्हणून मी भेटायला गेले. ते अंगणात कान टेकवून पडले होते. मी पाऊल न वाजवता जवळ बसले आणि चेष्टेने विचारले, "काय म्हणतो तुमचा आजा?"

"त्यो बोलत न्हाई, बाई. त्यो बी ऐकतोय."

त्याच आठवड्यात ते गेले.

मीरा, तुझ्याकडची योजना ज्याने लिहिली त्याला एवढेच विचार, की तो कुठले पाणी पितो.

वाडीला रस्ता फार उशिरा झाला. झरा वाहतो आहे. भोकाची जागा गवतात ओळखू येत नाही. कचेरी पडली, विहीर आहे. गेल्या वर्षी मी माणूस पाठवून तिचे पाणी मागवले होते. त्यावर तूस होते.