आवाज गेल्यानंतरची वकिली

भाईंदर पूर्वेला आमचं तळमजल्यावरचं घर होतं आणि त्यातली बाहेरची खोली बाबांच्या अशिलांची होती. संध्याकाळी बाबा ठाण्याच्या कोर्टातून परतले, की आईचा चहा उकळेपर्यंत दाराबाहेर चपला जमायच्या. कुणाचा भाडेकरू खोली सोडत नसायचा, कुणाला बिल्डर ताबा देत नसायचा. मी आत अभ्यास करता करता सगळ्यांची भांडणं ऐकायची. नव्या अशिलाला बाबा आधी एकच सांगायचे, "सगळं बोला. माझ्याशी खोटं बोलायचं असेल तर तेही आजच बोलून घ्या, म्हणजे कोर्टात माझी फजिती होणार नाही." माणूस हसायचा आणि मग बहुतेक वेळा खरं सांगायचा.

बाबांचा आवाज खालच्या पट्टीतला, किंचित खर्जातला होता. तो चढलेला मी कधी ऐकला नाही. कोर्टात जो वकील ओरडतो त्याची बाजू कच्ची असते, असं ते म्हणत. ते बोलायला लागले की समोरच्यांनाही आपोआप हळू व्हावं लागायचं. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका गावातून ते शिकायला मुंबईत आले, लग्नानंतर भाईंदरला राहिले आणि इथल्याच माणसांचे वकील झाले. दुकानदार त्यांना 'वकीलसाब' म्हणायचे, आजूबाजूच्या गावातले लोक 'साहेब'.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मला वकिलीची सनद मिळाली आणि मी त्यांच्या हाताखाली काम करायला लागले. सकाळी आम्ही दोघं ठाण्याची बस पकडायचो. घोडबंदरला खाडी दिसली की बाबा हातातले कागद बाजूला ठेवून बाहेर बघायचे. तेवढा वेळ त्यांना काही विचारायचं नाही, हे मला ठाऊक होतं.

त्या काळात जवळच्याच पेणकरपाड्याच्या एका आजींचा दावा चालू होता. त्यांच्या सासरची पूर्वी भातशेती होती. शेतं गेली, आजूबाजूला इमारती आल्या, तरी जुनं घर, अंगण आणि विहीर राहिली होती. नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा दिरानं सांगितलं की भावानं जिवंतपणी आपला हिस्सा मला तोंडी सोडला होता, वहिनीनं माहेरी जावं. आजींचं माहेर सुटून जन्म लोटला होता. बाबांनी त्यांना समजावलं, "आजी, जमिनीवरचा हक्क असा तोंडानं सुटत नाही. तुम्ही घर सोडू नका, बाकीचं मी बघतो." दावा उभा राहिला, साक्षी झाल्या. शेवटचा युक्तिवाद तेवढा राहिला होता.

आणि बाबांचा आवाज बसला. सर्दीमुळे असेल म्हणून काढे झाले, गुळण्या झाल्या. महिने गेले तरी आवाज मोकळा होईना. शेवटी आई हट्टानं त्यांना मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे तपासण्या झाल्या आणि कळलं की गळ्यात कर्करोग आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. बाबांनी डॉक्टरांना विचारलं, "मग मी बोलणार कसा?" डॉक्टर म्हणाले, "आधी जगायचं बघू या." बाबांनी मान डोलावली. दुसऱ्याच्या मुद्द्यात तथ्य असलं की ते कोर्टातही तशीच मान डोलवायचे.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी, रुग्णालयाच्या खाटेवर बसून बाबा फोन करत होते. एकेका अशिलाला त्याची पुढची तारीख सांगत होते, कोणाकडे जायचं ते सांगत होते. आई शेजारी बसून ऐकत होती. मग म्हणाली, "आता ठेवा तो. उरलाय तो आवाज सगळा त्यांनाच देणार का?"

बाबांनी फोन ठेवला. मला म्हणाले, "तू जरा चहा घेऊन ये बाहेर." मी चहा घेतला, व्हरांड्यात फिरले, परत आले तर दार लोटलेलं होतं आणि आतून त्यांचा घोगरा आवाज सावकाश येत होता. शब्द कळत नव्हते. मी दाराशी न थांबता पुन्हा जिन्यापर्यंत गेले. ते आईशी काय बोलले ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला श्वासासाठी एक भोक राहिलं. त्यावर लावायला आई आपल्या जुन्या मऊ साड्यांचे रुमाल शिवायची. बाबा पाटीवर लिहून बोलायला लागले. बोलण्यासाठी गळ्याला लावायचं एक यंत्रही मिळालं होतं, पण त्यातून डब्यात माशी अडकल्यासारखा एकसुरी आवाज यायचा. बाबांनी ते एकदा लावून पाहिलं आणि कपाटात ठेवून दिलं. आम्हीही आग्रह केला नाही.

अशील एकेक करून कागद न्यायला आले. सगळे अवघडलेले असायचे. बाबा स्वतः उठून फाइल काढून द्यायचे, ज्या वकिलाकडे जायचं त्याचं नाव पाटीवर लिहायचे आणि दारापर्यंत सोडायला जायचे. दार लावून परत आले की थोडा वेळ नुसते खुर्चीवर बसायचे. आई तेव्हा काहीतरी निमित्त काढून तिथेच येऊन बसायची.

पेणकरपाड्याच्या आजी आल्या त्या मात्र कागद न्यायला नाही. बाबांनी पाटीवर लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं, की ठाण्याचे अमुक वकील चांगले आहेत, तुमचं काम करतील. आजींनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मना दुसरा वकील नको, बाय," त्या मला म्हणाल्या. "यो बसंल कोर्टान. तू बोल."

"आजी, मी अजून एवढ्या मोठ्या दाव्यात उभी राहिले नाही."

"मी तरी कुठं उभी राहिली होती?" त्या म्हणाल्या. "राहिली ना."

बाबांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण ते हसत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

युक्तिवादाच्या दिवशी बाबा काळा कोट घालून, गळ्याशी रुमाल नीट करून माझ्याबरोबर आले. समोरचे वकील त्यांच्याच वयाचे, वर्षानुवर्षं एकमेकांविरुद्ध लढलेले. त्यांनी उठून न्यायाधीशांना सांगितलं, की साहेबांची प्रकृती पाहता पुढची तारीख द्यायला आमची हरकत नाही. न्यायाधीशांनी बाबांकडे पाहिलं. बाबा उभे राहिले, त्यांनी मान हलवून नकार दिला आणि हात माझ्याकडे केला.

मी बोलायला लागले ती धावतच सुटले. थोड्या वेळानं मागे बसलेल्या बाबांनी माझा गाऊन ओढला. मी थांबले. न्यायाधीश लिहीत होते, त्यांचं लिहून झालं. मग मी पुढचा मुद्दा घेतला. असं दोन-तीनदा झालं आणि मग माझ्या बोलण्याला लय आली. तोंडी सोडलेल्या हक्काला कायद्यात जागा नाही, हे नीट मांडून झालं. मग मी दिराकडे वळले. त्यानं एकदा आजींची चूल अंगणात फेकली होती. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि गाऊन पुन्हा ओढला गेला, या वेळी जोरात. मला कारण कळलं नाही, पण मी ते सोडून दिलं आणि खाली बसले.

परतताना बसमध्ये मी चिडून विचारलं, "ते का नाही बोलू दिलंत? खरं तर होतं."

बाबांनी पाटी गुडघ्यावर घेतली आणि बसच्या हिसक्यांत वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'दाव्याला त्याची गरज नाही. आणि त्यांना उद्या शेजारी राहायचंय.'

निकाल आजींच्या बाजूनं लागला; घर-अंगणातला नवऱ्याचा हिस्सा त्यांचाच राहिला. आजींनी आमच्याकडे तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली. बाबांना अजून नीट गिळता येत नव्हतं, तरी त्यांनी एक तुकडा दुधात बुडवून खाल्ला.

काही दिवसांनी एका दुपारी दीर आला. मी दार उघडलं आणि मला क्षणभर भीती वाटली. तो चप्पल काढून आत आला आणि बाबांसमोर उभाच राहिला. बाबांनी खुर्ची दाखवली.

"साहेब, मी वर अपील करनार न्हाय," तो म्हणाला. "आता अंगणान भिंत कुठनं घालू तेवढा सांगा. उद्या परत तक्रार नको."

बाबांनी पाटीवर लिहून त्याच्यापुढे धरलं. तो पाटीकडे बघत राहिला, मग नजर खाली घातली. "मना वाचता येत न्हाय, साहेब."

मी वाचून दाखवायला पुढे झाले. बाबांनी मला हातानं थांबवलं. उठून कपाट उघडलं, ते यंत्र काढलं आणि गळ्याला लावलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"भिंत घालू नका," तो एकसुरी आवाज म्हणाला. "विहीर मध्ये येते. विहीर दोघांची ठेवा."

दीर दचकला नाही. तो पुढे वाकून ऐकत होता. एक शब्द कळला नाही तेव्हा म्हणाला, "परत बोला, साहेब," आणि बाबा परत बोलले. बराच वेळ दोघांचं बोलणं चाललं. तो गेल्यावर बाबा खुर्चीत बसले, यंत्र तसंच हातात होतं. आईनं विचारलं, "चहा ठेवू?" बाबांनी ते गळ्याला लावलं आणि म्हणाले, "ठेव. साखर जास्त." आई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर ते यंत्र कपाटात गेलं नाही. बाहेरच्या खोलीत पुन्हा माणसं यायला लागली. कोर्टात मी उभी राहायची, घरी सल्ला बाबा द्यायचे. बिल्डिंगमधली मुलं मुद्दाम "अंकल, कुछ बोलो ना" म्हणत यायची आणि बाबा त्यांना त्या आवाजात पाढे म्हणून दाखवायचे.

ऑपरेशननंतर त्यांना वास येणं बंद झालं होतं. नाकातून श्वासच येत नसे. एकदा कोर्टातून परतताना त्यांनी मला घोडबंदरला उतरवलं. ओहोटी होती. काठाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "कसा येतोय?"

"चिखलाचा येतोय," मी म्हणाले. "खारट. थोडा कुजका. कुणीतरी मासळी वाळत घातलीय, तिचापण."

बाबा डोळे मिटून ऐकत होते. "अजून?" त्यांनी विचारलं. मी सुचेल ते सांगत राहिले.

त्या दशकाच्या शेवटाला दुखणं परत आलं आणि या वेळी त्यांना घेऊन गेलं. ते घरीच गेले, सकाळी, आईचा हात हातात असताना. दुपारपर्यंत बाहेरची खोली भरली. दिराच्या बाजूनं लढलेले ते वकील आले, दुकानदार आले. पेणकरपाड्याच्या आजींना दीर हाताला धरून पायऱ्या चढवत होता. आजी आईशेजारी बसल्या, आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. दीर दाराशी उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं मला हळूच विचारलं, "पानी भरून ठेवू का, बाय? मानसं लय येतील."

मी त्याला हंडा दाखवला.