विजयाक्का आणि पाचवा वंश

विजयाक्का प्रुफं मोठ्यानं वाचायच्या. सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या छापखान्यात मशीन सुरू असलं तरी त्यांचा आवाज ऐकू यायचा. ऱ्हस्व-दीर्घ त्या निमूट दुरुस्त करत. पण एखादं विधान पटलं नाही की चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "हे कुणी बघितलंय?" बँकेचा अहवाल असो की कुणाचं चरित्र, प्रश्न तोच. गिऱ्हाइकं वैतागायची. मालक हसायचे.

घरी त्या तेलुगू बोलत. वडील मागावर चादरी विणायचे. अक्कांनी शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून आमच्याकडे यायला लागल्या. मी तिथं कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचो.

तेव्हा मी एका अध्यात्म मंडळात जात असे. दर गुरुवारी ध्यान, मग गुरुजींचं प्रवचन. मानवजातीचे सात मूळवंश आहेत, असं ते सांगत. आधीचे वंश बुडालेल्या खंडांवर राहत होते, पाचवा तो आर्यांचा, सर्वांत तेजस्वी, आणि बाकीचे लोक म्हणजे जुन्या वंशांचे मागे राहिलेले अवशेष. ऐकताना माझी छाती फुगायची. मंडळाची पुस्तिका छपाईला आली तेव्हा मी मोठ्या हौसेनं तिची प्रुफं अक्कांपुढं ठेवली.

त्यांनी ती वाचली. दुसऱ्या दिवशी घरून, पूर्वी त्यांनीच तपासलेल्या तीन जुन्या पुस्तिका घेऊन आल्या. वेगवेगळ्या मंडळांच्या होत्या, पण एक परिच्छेद तिन्हींत जवळजवळ तोच. एकीत आर्यांचं मूळ ठिकाण उत्तर ध्रुवावर, दुसरीत वाळवंटात, तिसरीत हिमालयातल्या गुप्त नगरीत.

"गाव बदलतं, माणसं तीच गोरी," अक्का म्हणाल्या. "चौथ्यांदा तपासतेय मी हे. कंटाळा आला आता."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. युरोपातल्या भाषापंडितांनी भाषांच्या एका कुळाला आर्य म्हटलं. पुढं तो शब्द भाषेवरून रक्तावर गेला. तिथल्या गूढविद्यावाल्यांनी तो उचलला आणि त्यावर अख्खा इतिहास रचला. पुरावा विचारला तर अंतर्दृष्टीनं दिसलं म्हणाले. त्यातल्या काहींनी त्यात ज्यूंचा द्वेष कालवला. "जर्मनीत पुढं काय झालं ते मी पोरांना शिकवलंय की. आणि तेच फिरून आपल्याकडं प्राचीन ज्ञान म्हणून येतंय."

"पण अक्का, आमचे गुरुजी कुणाचा द्वेष करत नाहीत."

"नसतील करत. पायऱ्या तर बांधतायत ना? वर कोण, खाली कोण, ठरलंच की मग."

मला राग आला होता. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

त्या उन्हाळ्यात मंडळाचं बालसंस्कार शिबिर भरलं. माझी नंदिनी नऊ वर्षांची. मी तिला पाठवलं. गुरुजींनी मुलांची कपाळं, नाकं, रंग पाहून त्यांना रांगांत बसवलं. नंदिनी शेवटच्या रांगेत. घरी येऊन ती म्हणाली, "बाबा, मी चौथ्या वंशाची आहे. पुढच्या जन्मी वर येईन म्हणाले." आठवडाभर ती बेसनानं तोंड घासत राहिली. एक गाल सोलवटला. पुढच्या जन्मी वर येण्याचं ते वाक्य पुस्तिकेसाठी मीच जुळवलं होतं.

मी अक्कांना सांगितलं. भर दुपारी, सोलापूरच्या त्या उन्हात, त्या दोन जिने थांबत थांबत चढून आमच्या घरी आल्या. पाणी प्यायल्या. मला वाटलं, हे सगळं खोटं आहे असं सांगतील. पण त्यांनी नंदिनीला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "मीपण हेच शिकवलंय गं. उंच गोरे लोक आले, काळे बुटके हरले. पुस्तकात होतं, शिकवलं. एकदा एक विणकराची पोरगी उभी राहिली. बाई, मग आपण कोण, म्हणाली. मी म्हटलं, खाली बस, पुढचं वाच." मग म्हणाल्या, "तिनं परत कधीच काही विचारलं नाही. माझ्यासारखीच होती की ती. रंगानं, घरानं."

"मग गुरुजी खोटं बोलले?" नंदिनीनं विचारलं.

"त्यांना ते खरं वाटतं. म्हणून तर अवघड आहे."

पुढच्या गुरुवारी अक्का माझ्याबरोबर मंडळात आल्या. प्रवचन संपल्यावर उभ्या राहिल्या आणि शिबिरात काय झालं ते आवाज न चढवता सांगितलं. मुलांना असं बसवू नका, एवढंच मागितलं. गुरुजी हसून म्हणाले, "बाई, विषय सूक्ष्म आहे. तुम्ही दमलात, बसा." काही लोक हसले. अक्का बसल्या नाहीत, दाराकडं चालू लागल्या. मीही उठलो, पण त्या दारापर्यंत पोचल्यावर. तो उशीर मला अजून टोचतो. बाहेर एका बंद दुकानाच्या पायरीवर त्या टेकल्या. "खरंच दमले रे," म्हणाल्या.

मंडळानं पुस्तिका आमच्याकडून काढून घेतली आणि दुसऱ्या छापखान्यात छापली. शिबिरं अजून भरतात. मी मंडळ सोडलं, त्यानं त्यांचं काही अडलं नाही.

गेल्या वर्षी अक्कांच्या किडन्या निकामी होत गेल्या. अशोक चौकात भावाच्या घरी त्या पडून असत. एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "नंदिनीला अजून शेवटच्या रांगेत असल्यासारखं वाटतं का रे? विचारलंस कधी?"

विचारलं नव्हतं. नंदिनी आता कॉलेजात जाते, हसते, भांडते. मी धरून चाललो होतो की ती विसरली असेल. घरी जाऊन विचारलं. ती आरशासमोर केस विंचरत होती. मागं न वळता म्हणाली, "कधी कधी."

दुसऱ्या दिवशी अक्कांना 'नाही' सांगावं असं फार वाटलं. पण खरं तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकदा विचारून सोडू नको. विचारत राहा."

चार दिवसांनी त्या गेल्या. मी अधूनमधून विचारतो. उत्तर अजून तेच आहे.